१९९२ मध्ये भिवंडी शांत कशी राहिली?

आजचा एपिसोड पोलिसांवर आहे. घाबरू नका, चलान भरायला सांगत नाहीये.

मुंबई पोलिसांचे मीम्स तुम्ही पाहिले असतीलच. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांचं ट्विटर अकाउंट सुरू झालं आणि बघता बघता पोरं पोलिसांच्या पोस्ट शेअर करायला लागली. मलाही आवडतात. पण फॉलो करणं आणि ओळख असणं यात फरक आहे ना? तो फरक कळायला आज आपण भिवंडीला जाऊ, तेही मोबाइलच्या आधीच्या काळात.

भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं शहर. हिंदू-मुस्लिम दोन्ही वस्ती, बाहेरून आलेले हजारो कामगार. इथे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी मोठी दंगल झाली. १९८४ मध्ये पुन्हा. त्यामुळे ‘भिवंडी’ म्हटलं की लोकांच्या डोक्यात दंगलच यायची.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे डीसीपी म्हणून आले. तोपर्यंतची पद्धत काय होती? शांतता समिती. म्हणजे सण जवळ आला, वातावरण तापलं की पुढारी आणि प्रतिष्ठित मंडळींना पोलीस स्टेशनला बोलवायचं. चहा, भाषण, फोटो, संपलं. गल्लीतल्या माणसाला त्याचा पत्ताच नसायचा.

खोपडेंनी हे उलटं केलं. मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या काढल्या, जवळजवळ ७०. त्यात दोन्ही समाजांची साधी माणसं घेतली. बैठक त्यांच्याच वस्तीत आणि त्या भागातला पोलीस तिथे हजर. विषय काय, तर शेजाऱ्यांची भांडणं, पोरांची मारामारी, रोजच्या कटकटी. दंगल नसतानाही बैठका चालूच. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते.

आता जरा इंजिनिअरच्या डोक्याने बघू. सर्व्हर पडल्यावर मॉनिटरिंग बसवून काय उपयोग? ते आधीपासून चालू असावं लागतं. आणि अफवा तर नेहमी खऱ्या बातमीच्या पुढे धावते. ‘तिकडे आपल्या माणसाला मारलं’ असं कुणी ओरडलं, तर पलीकडच्या मोहल्ल्यात विचारायला ओळखीचा माणूस हवा. ती ओळख त्या बैठकांमधून तयार झाली.

मग आला ६ डिसेंबर १९९२. बाबरी मशीद पडली. मुंबई पेटली. डिसेंबर आणि जानेवारी मिळून मुंबईत सुमारे ९०० माणसं गेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. शेजारच्या भिवंडीत मात्र दंगल झाली नाही. खोपडेंची तोपर्यंत बदली झाली होती, तरी समित्या होत्या, माणसं रस्त्यावर उतरून समजावत होती.

मुंबईनेही यातून धडा घेतला. दंगलीनंतर तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि काही नागरिकांनी मिळून मुंबईत मोहल्ला समित्या सुरू केल्या. पोलीस आणि वस्तीतली पोरं क्रिकेटसुद्धा खेळली.

पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धवट राहील. जुलै २००६ मध्ये याच भिवंडीत कब्रस्तानाशेजारी पोलीस स्टेशन बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं गेली आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. एकदा कमावलेला विश्वास कायमचा राहत नाही. अधिकारी बदलतात, जुनी माणसं थकतात, बैठका बंद पडल्या की नवी पिढी आणि पोलीस पुन्हा अनोळखी होतात.

आज तर अफवा आपल्या खिशातच आहे. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या दिवसांत फिरत होते. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना गावातल्या जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणायचं ठरवलं. ठीक आहे. पण सहाव्या चॅटला थांबलेला मेसेज पहिल्या पाचांत पोचलेलाच असतो. तिथे थांबवायला माणूसच लागतो.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. तुमच्या भागाचं पोलीस स्टेशन कुठलं आणि तुमच्या बीटचा अंमलदार कोण, हे शोधून काढा. नंबर सेव्ह करा. सोसायटीच्या किंवा गणेश मंडळाच्या एखाद्या बैठकीला त्यांना बोलवा, काही झालेलं नसताना. तक्रारी असतील तर त्याही तोंडावर सांगा. अर्जंट असेल तर ११२ आहेच. आणि ग्रुपवर भडकाऊ मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी त्या सेव्ह केलेल्या नंबरवर एक फोन लावा.

काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा. चांगलं, वाईट, दोन्ही चालेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!