दोन पोरकी मुले आणि एक काकू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही, पण आपण आग्रह केलात म्हणून चार शब्द बोलते.

माझ्या मुलीने मला एक जपानी चित्रपट दाखविला. नाव ‘काजव्यांची कबर’. इसाओ ताकाहाता यांनी तो १९८८ साली काढला. त्यात नटनट्या नाहीत, सारी हाताने काढलेली चित्रे. भाषा मला कळत नव्हती, मुलगी शेजारी बसून सांगत होती. मी भाजी निवडत पाहायला बसले, ती भाजी तशीच राहिली.

गोष्ट १९४५ सालची, कोबे शहरातली. विमानांतून आगीचे बॉम्ब पडतात, घर जळते, आई भाजून मरते. बाप आरमारात, त्याचा पत्ता नाही. मागे राहतात चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको. ती दूरच्या नात्यातल्या एका काकूकडे येतात.

आईच्या किमोनोंचे तांदूळ येतात. पुढे मात्र काकू कामावर जाणाऱ्या मुलीला व भाडेकरूला तळचा दाट भात वाढते आणि या दोघांना वरचे पाणी. रोज टोमणे. शेवटी मुले चूल वेगळी करतात आणि मग तळ्याकाठच्या एका ओसाड खंदकात राहायला जातात.

भगिनींनो, काकूला वाईट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मला ती राक्षसीण वाटली नाही. शिधा तुटपुंजा, खाणारी तोंडे जास्त. राबेल त्याला दाट, बसून राहील त्याला पातळ, असा तिचा हिशोब. असा हिशोब आपल्याही घरांतून चालत आला आहे. मिळवत्याला आधी, पाहुण्याला मग, सुनेला खरवड. काकूचा हिशोब तिच्यापुरता बरोबर होता, पण त्यात चार वर्षांची पोर कुठेच बसत नव्हती.

खंदकात सेत्सुको आजारी पडते. डॉक्टर तपासून सांगतात, हिला अन्न हवे. औषध देत नाहीत. आईचे पैसे बँकेत आहेत. सेइता ते काढायला जातो तेव्हा त्याला कळते की युद्ध संपले. परत येतो तो बहीण चिखलाचे गोळे करून बसलेली, भाताचे म्हणून त्याच्यापुढे करते. आपल्या पोरींची भातुकली आठवली आणि माझ्याने पुढे पाहवेना. युद्ध संपल्यावर ती पोर जाते. सप्टेंबरात भाऊही रेल्वेस्थानकात मरतो.

मूळ कथा अकियुकी नोसाका यांनी १९६७ साली लिहिली. त्यांची दत्तक घरातली लहान बहीण १९४५ साली उपासमारीने गेली होती. कथेतल्या भावाइतके आपण प्रेमळ नव्हतो, असे त्यांनी पुढे सांगितले. ताकाहातांनीही नऊ वर्षांचे असताना ओकायामावरचा हवाई हल्ला सोसला होता. म्हणून चित्रे असूनही त्यात खोटे काही वाटत नाही.

लढाया थांबविणे आपल्या हाती नाही. पण वाढायची पळी आपल्याच हाती असते. शिकायला आलेला भाचा, आईवेगळी पुतणी, कामाला येणाऱ्या बाईचे मूल, यांच्या पानात तळचा भात पडतो की वरचे पाणी, एवढे आपण रोज पाहू शकतो. आपल्या मंडळातल्या प्रत्येकीने ते पाहावे, एवढीच माझी विनंती.