खडखड कुठून येते?

गार इंजिन सुरू करताना क्षणभर खडखड ऐकू येते? दोष कॅमशाफ्टच्या टोकावरच्या व्हीव्हीटी (व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग) युनिटमध्ये असू शकतो. ते ऑइलच्या दाबावर चालतं आणि व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ पुढे-मागे करतं. म्हणून आधी ऑइलची पातळी बघा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून या युनिटला ऑइल सोडणारा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह काढा. त्याच्या जाळीत गाळ असेल तर साफ करा. बसवताना नव्या ओ-रिंगला ऑइल लावा. एवढं घरी जमतं.

युनिटच बदलायचं, तर टायमिंग चेन उतरवावी लागते. चेन परत बसवताना टायमिंगच्या खुणा चुकल्या, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. म्हणून स्टार्टर मारण्याआधी क्रँकशाफ्ट पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासा. कॅमशाफ्ट जागेवर धरणारं लॉकिंग टूल नसेल, तर गाडी सरळ मेकॅनिककडे न्या.