फरशी हलवावी की झाड?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण. वक्ते : सहशिक्षक, बी. ए., बी. एड.)



आज मी आपणांपुढे एक लहानसा दिसणारा प्रश्न ठेवणार आहे. रस्त्याकडेच्या मोठ्या झाडाच्या मुळांनी फूटपाथ उचलला, फरशा फोडल्या, तर नगरपालिकेने ते झाड तोडावे काय? हा प्रश्न मी पुस्तकातून उचललेला नाही. तो माझ्या घरात आला, म्हणून मला त्याचा विचार करावा लागला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लिंबाचे एक जुने झाड आहे. त्याच्या मुळांनी फूटपाथचे ब्लॉक वीतभर वर उचलले आहेत. मागच्या उन्हाळ्यात आमची अम्मी बाजारातून भाजी घेऊन येत होती. उचललेल्या ब्लॉकला तिचा पाय अडखळला, ती पडली आणि उजव्या हाताचे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. घरातली कर्ती बाई एका हाताची झाली म्हणजे काय होते, ते माझ्या माता-भगिनींना सांगावयास नको.

मला संताप आला. त्याच रात्री मी अर्ज लिहिला : सदर झाड रहदारीस धोकादायक असून ते त्वरित तोडण्यात यावे. दोन दिवसांत गल्लीतल्या तीसएक लोकांच्या सह्या घेतल्या. शेवटी अर्ज अम्मीपुढे ठेवला आणि म्हणालो, "डाव्या हाताचा अंगठा दे." तिने विचारले, "मी पडले तेव्हा लोकांनी मला कुठं नेऊन बसवलं, ठाऊक आहे का तुला?" मला ठाऊक नव्हते. "त्याच लिंबाखाली. दुपारचं ऊन होतं. रिक्षा येईस्तोवर तिथंच टेकून होते. अंगठा देते बेटा, पण आधी ते झाड नीट बघून ये."

मी गेलो. त्या झाडाखालून रोज जात असूनही मी ते पहिल्यांदाच पाहत होतो. ब्लॉक थेट खोडाला भिडवून बसविले होते. सांध्यांत सिमेंट भरले होते. खोडाभोवती बोटभर माती उघडी नव्हती. झाड आधीचे, फूटपाथ नंतरचा. म्हणजे झाड फूटपाथवर चढले नव्हते, फूटपाथच झाडावर चढला होता.

मित्रहो, आपण तासगावची माणसे आहोत. मुळी काय असते हे आपल्याला शिकवावे लागत नाही. येथल्या बहुतेक घरांचा द्राक्षबागेशी काही ना काही संबंध आहे. वेलीचा बोद भुसभुशीत का ठेवतात? पांढरी मुळी चालावी म्हणून. मुळीला पाणी हवे, तशीच हवाही हवी. रस्त्यावरच्या झाडाचेही हेच आहे. झाडाची बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांच्या थरात असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. आपण जमीन रोलरने दाबून घट्ट करतो, वर फरशी बसवितो. मग ओल आणि हवा उरते ती फरशीच्या लगत खाली असलेल्या फटीत. मूळ तेथे शिरते. दरवर्षी ते थोडे जाड होते आणि एके दिवशी फरशी उचलली जाते. यात झाडाचा हट्ट नाही. जगण्याची वाट आपण तेवढीच ठेवलेली असते.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. काही माणसे झाड म्हटले की डोळे मिटून 'तोडू नका' म्हणतात. तेही बरोबर नाही. २०१७ च्या जुलै महिन्यात मुंबईत चेंबूर येथे रस्त्याने चालत असलेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळले आणि तिचा मृत्यू झाला. ते झाड तोडण्याची परवानगी आधी मागितली गेली होती आणि ती नाकारली गेली होती. जे झाड आतून पोकळ झाले आहे, कलले आहे, त्याला वाचविण्याच्या नावाखाली माणसाचा जीव पणाला लावणे हे पुण्य नव्हे.

मी आलिम नाही, एक साधा शिक्षक आहे. तरी आपल्याच परंपरेत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत, त्या आपल्या नजरेस आणून देतो. सहीह मुस्लिममध्ये अशा एका माणसाचा उल्लेख आहे, की त्याने वाटेवरचे, लोकांना त्रास देणारे झाड तोडून दूर केले आणि तेवढ्यासाठी त्याला जन्नत लाभली. उलट सुनन अबू दाऊदमध्ये बोरीच्या जातीचे झाड तोडणाऱ्यास कडक इशारा दिलेला आहे. त्याचा खुलासा करताना इमाम अबू दाऊद सांगतात की हा इशारा, ज्या झाडाखाली वाटसरू आणि जनावरे सावलीला येतात ते झाड विनाकारण, हक्क नसताना तोडणाऱ्यासाठी आहे. मला यात विरोध दिसत नाही. दोन्हीकडे विचार वाटसरूचाच आहे. प्रश्न एवढाच, की या झाडाने वाटसरूला त्रास अधिक की आराम अधिक, आणि झाड न तोडता तो त्रास दूर करता येतो की नाही?

कायदाही जवळजवळ असेच विचारतो. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ साली झाला. तो नगरपरिषदांनाही लागू आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. परवानगी देण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याने पाहणी करावयाची, वर्तमानपत्रात आणि खुद्द त्या झाडावर नोटीस लावावयाची असते, म्हणजे ज्याला हरकत घ्यावयाची त्याला ती घेता येते. आणखी एक बाब लक्षात ठेवा. या कायद्यात झाड तोडणे म्हणजे केवळ बुंध्यावर कुऱ्हाड घालणे नव्हे. जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्यात येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानले आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावावीत असा नियम आणला. पण पालकहो, साठ रोपे लावली म्हणून उद्या दुपारी तेथे सावली पडते काय? त्या सावलीसाठी आजच्या पाचवीतल्या मुलाला नोकरीला लागेपर्यंत थांबावे लागेल.

घाईने झाडे तोडली की काय होते त्याचे उदाहरण इंग्लंडमध्ये शेफील्ड शहरात घडले. तेथील नगर परिषदेने २०१२ साली रस्ते-फूटपाथ दुरुस्तीचा पंचवीस वर्षांचा ठेका दिला. त्यात तब्बल १७,५०० झाडे काढून नवी लावण्याचा आकडा होता. लोकांनी विरोध केला. २०१६ च्या नोव्हेंबरात पहाटे पाचच्या सुमारास पोलीस घेऊन येऊन एका रस्त्यावरील झाडे तोडली गेली आणि विरोध करणाऱ्या वयस्क बायकांना अटक झाली. पाच हजारांहून अधिक झाडे गेल्यावर २०१८ साली काम थांबवावे लागले. पुढे एकत्र पाहणी झाली तेव्हा यादीतील कित्येक झाडे केवळ फूटपाथची दुरुस्ती करून राखता येतात असे आढळले. चौकशीचा अहवाल मार्च २०२३ मध्ये आला आणि जूनमध्ये नगर परिषदेने नागरिकांची माफी मागितली. माफी मागितली हे चांगलेच झाले. पण गेलेली झाडे माफीने परत येत नाहीत.

लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यात मिरज तालुक्यात भोसे येथे सुमारे चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड होता. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तो जाणार होता. २०२० साली लोक एकत्र आले, राज्याच्या पर्यावरण मंत्र्यांनी केंद्रीय मंत्र्यांना पत्र लिहिले आणि एवढा मोठा महामार्ग झाडासाठी बाजूला सरकला. मात्र २०२२ च्या पावसाळ्यात तो वड कोसळला. काही जण म्हणतील, मग एवढा खटाटोप फुकट गेला. मी तसे म्हणणार नाही. महामार्ग हलू शकतो हे भोसेकरांनी दाखविले. तेथे महामार्ग हलतो, मग आमच्या गल्लीतला चार फुटी फूटपाथ का हलू नये? आणि दुसरा धडा असा, की झाड वाचविले म्हणून काम संपत नाही. म्हाताऱ्या माणसाप्रमाणे म्हाताऱ्या झाडाचीही पुढे देखभाल करावी लागते.

तर मग करावयाचे काय? खर्चिक काही नाही. खोडाभोवतीचे काँक्रीट काढून माती मोकळी करावी. दिल्लीतील झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढावे, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ च्या एप्रिलमध्येच दिला आहे. मुळे जेथे वर आली आहेत तेथे ती न तोडता वर मुरूम वा खडीचा थर देऊन सुटे ब्लॉक हलक्या चढ-उताराने बसवावेत. जागा असेल तेथे फूटपाथ खोडाला वळसा घालून न्यावा. खोडाजवळची जाड मुळे मात्र कधीही तोडू नयेत. तीच झाडाला धरून ठेवतात. ती तोडली तर फरशी सपाट होईल, पण पुढच्या वादळात झाड कोणाच्या तरी अंगावर येईल. इतके करूनही जाणकाराने तपासून झाड धोक्याचे ठरविले, तर नोटीस लावून, लोकांना सांगून ते उघडपणे काढावे आणि तेथेच, या वेळी पुरेशी माती सोडून, नवे लावावे.

मी माझा पहिला अर्ज फाडला आणि दुसरा लिहिला. सह्या घ्यायला पुन्हा घरोघर गेलो. काही जण हसले. एक चाचा म्हणाले, "मास्तर, तुमच्याच आईचा हात मोडला आणि तुम्हीच झाडाचे वकील झालात?" मी म्हणालो, "चाचा, अम्मीचा हात मोडला म्हणूनच अर्ज आहे. फक्त आरोपी बदलला." अर्ज दाखल झाला आहे, काम व्हावयाचे आहे. तोपर्यंत आमच्या नववीच्या मुलांनी विचारून, परवानगी घेऊन, उचललेल्या ब्लॉकच्या कडेला पांढरा रंग दिला आहे. रात्री तो दिसतो. दुसऱ्या कोणाची आई तेथे पडू नये एवढी काळजी तरी आपल्या हातात होती.

विद्यार्थी मित्रहो, फरशी एका दिवसात उखडून पुन्हा बसविता येते. झाडाला अर्धे आयुष्य लागते. दोघांत भांडण झाले तर आधी फरशीने सरकावे, एवढेच माझे सांगणे आहे. पण ती खरोखर सरकवा. झाड राखले म्हणून फूटपाथ तसाच फुटका ठेवणे हा वृद्धांवर, आंधळ्यांवर, कुबड्या घेऊन चालणाऱ्यांवर अन्याय आहे. उद्या तुमच्यातील कोणी अभियंता होईल, कोणी ठेकेदार, कोणी नगरसेवक. नकाशावर फूटपाथची रेघ ओढताना तेथे आधीपासून कोण उभे आहे, हे एकदा जाऊन पाहत जा. मी पाहिले नव्हते. मला ते माझ्या न शिकलेल्या आईने दाखविले.