गाव सोडलं म्हणजे वावर सोडलं नाही

(होळीनंतर केळापूर तालुक्यातल्या पोड-गुड्यांच्या मेळाव्यात संघटनेच्या वतीनं केलेलं भाषण. १९७९. ज्यांना येता आलं नाही त्यांना हा अंक वाचून दाखवावा.)



पोडापोडांवरून, गुड्यांवरून चालत आलेल्या मायबहिणींनो, नाईक-महाजनांनो, आणि मागं पळसाखाली बसलेल्या पोट्टेहो. तुम्ही जरा पुढं या. आजचं बोलणं तुमच्यासाठीच जास्त आहे.

सकाळी आम्ही पोडवार माणसं मोजली. निम्मी घरं आलीच नाहीत. रुसून आली नाहीत असं नाही. ती गावातच नाहीत. कोणी वणीकडं चुनाभट्टीवर, कोणी कोळशाच्या खाणीवर ठेकेदाराच्या हाताखाली, कोणी जिनात, कोणी पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडं. दिवाळीनंतर तूर-ज्वारी पदरात पडते, सावकाराचं देऊन जे उरतं ते पौषापर्यंत पुरतं, मग मुकादमाची उचल घ्यायची आणि दाराला काटी लावून निघायचं. होळीला परत यायचं, मोहफूल वेचायचं, तेंदूपत्त्याचा फड करायचा, पेरणी करायची. हे आपल्याला नवीन नाही. आमच्या बापांनीही हेच केलं.

नवीन आहे ते माघ महिन्यात घडलं. ते आधी सांगतो.

आमच्या एका पोडावर सात घरं भट्टीवर गेली होती. त्यांची सातही वावरं जंगलाच्या कडेला, जबरानजोत. कोणाची पाच एकर, कोणाची दोन. पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, वावर मोकळं होतं. जमिनीची पाहणी करायला साहेब लोक आले. चावडीपाशी उभे राहिले, म्हणाले, वहिवाटदार कोण, बोलवा. म्हाताऱ्यांनी सांगितलं, कामाला गेले, होळीला येतात. साहेबांनी कागदावर लिहिलं: जमीन पडीत, वहिवाट आढळली नाही, इसम गाव सोडून गेलेला. पंच म्हणून दोघांचे अंगठे घेतले. अंगठा देणाऱ्यांना काय लिहिलं ते वाचून दाखवलं नाही. त्यातला एक अंगठा तर ज्याची जमीन गेली त्याच्या सख्ख्या चुलत्याचा आहे. तो म्हातारा आज इथं बसला आहे. त्याला कोणी बोल लावू नका, तो रोज रात्री स्वतःलाच लावतो.

एका घरची बाई मात्र गावातच होती. ओली बाळंतीण म्हणून नवऱ्यासंगं गेली नव्हती. ती पोराला घेऊन पुढं आली, म्हणाली, हे वावर आमचं आहे, पेरणीला तिफणीमागं मीच होते, निंदण मीच केलं. तिला उत्तर मिळालं, मालक कुठं आहे? मालकाला बोलव.

मालक म्हणजे कोण हो? जो निंदतो, वेचतो, रानडुकरं हाकलायला माळ्यावर जागतो, तो मालक नाही का?

आता हा कागद एवढा महत्त्वाचा का, ते सांगतो. सरकारनं २७ डिसेंबर १९७८ ला एक ठराव काढला. सरकारी पडीत, गायरान, जंगल, अशा जमिनीवर जे गरीब, भूमिहीन, आदिवासी लोक १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या मुदतीत जमीन कसत आले, त्यांची वहिवाट कायम करून द्यायची. एवढी वर्षं आपण मागत होतो, मोर्चे काढत होतो, त्याचं हे अर्धं-मुर्धं उत्तर आहे. अर्धं म्हणतो, कारण ठराव मुंबईत निघतो आणि जमीन केळापुरात मोजली जाते. मधल्या वाटेत तो कुठं कुठं अडकतो ते आपल्याला ठाऊक आहे.

पण त्या तारखा नीट ऐका. १९७२ पासून १९७८. बाहत्तरचं साल आठवतं ना? दुष्काळाचं. लाल मिलो खाल्ली ती वर्षं. पोटासाठी कोण कुठं गेलं याचा हिशेब नव्हता. आणि सरकारनं पुरावा मागितला तो नेमका तिथूनच. म्हणजे ज्या वर्षी भुकेनं माणूस गावाबाहेर काढला, त्याच वर्षापासून तो गावात होता का, असं विचारतात. आम्ही असं म्हणत नाही की कोणी मुद्दाम हे केलं. पण कागद लिहिणाऱ्याच्या घरी बारा महिने चूल पेटते, म्हणून त्याला वाटतं सगळ्यांचीच पेटते.

दुसरा कायदा आहे जमिनी परत देण्याचा. तो १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू आहे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची सातबाऱ्याची जमीन बिगरआदिवासीकडं गेली असेल, विकून, अदलाबदलीनं, कशीही, तर ती परत मिळू शकते. पण परत घेणाऱ्यानं लिहून द्यायचं असतं की मी ती स्वतः कसीन. तिथंही सावकाराचा वकील उभा राहतो आणि म्हणतो, हा माणूस तर वणीला मजुरी करतो, हा काय कसणार! ज्यानं जमीन घेतली म्हणून माणूस मजूर झाला, तोच म्हणतो हा मजूर आहे, याला जमीन कशाला.

तेव्हा आमचं पहिलं म्हणणं एवढंच. मजुरीला जाणं म्हणजे गाव सोडणं नव्हे. हे आपण प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक साहेबासमोर, तोंडी आणि लेखी म्हटलं पाहिजे. घर आहे, देव आहे, धुरा आहे, मसणवट आहे. चार महिने दाराला काटी असली म्हणून माणूस परगावचा होत नाही. साहेबांची बदली तीन-तीन वर्षांनी होते. त्यांना कोणी विचारतं का, तुमचं गाव कोणतं राहिलं म्हणून?

गाव सोडण्याचा आपल्या जातीच्या दाखल्याशीही संबंध होता. तरुण पोरांना हे माहीत नसेल म्हणून सांगतो. परवा-परवापर्यंत आपल्या विदर्भात आदिवासी असणं तालुक्यापुरतं होतं. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, वणी आणि यवतमाळ या तीन तहसिलींतला गोंड, कोलाम, परधान, आंध आदिवासी. तोच गोंड पुसदला राहिला तर आदिवासी नाही. वर्धा नदी ओलांडून हिंगणघाटला गेला तर आदिवासी नाही. भाऊ इकडं आदिवासी, तिकडं गेलेला सख्खा भाऊ कोणीच नाही! देव तोच, बोली तीच, सोयरीक होते, पण दाखला नाही. संसदेनं १९७६ मध्ये कायदा केला आणि २७ जुलै १९७७ पासून ही हद्द उठली. त्याला दोन वर्षंही झाली नाहीत. तेव्हा आमचे जे म्हातारे म्हणत, "तालुक्याबाहेर पाय टाकू नका, जात जाईल," त्यांना आम्ही हसत होतो. ते जातपंचायतीचं बोलतात असं आम्हाला वाटायचं. ते सरकारी यादीचं बोलत होते.

आता पोट्टेहो, तुमचं. तुमच्यातल्या एकानं मागच्या बैठकीत उभं राहून विचारलं होतं: गावात आहे काय? दोन एकर मुरमाड, नाकेदाराचा दंडा, रात्री वाघ-डुकराची भीती, आजारी पडलं तर बंडीवर टाकून पांढरकवड्यापर्यंत न्यावं लागतं. खाणीवर निदान आठवड्याला पैसा हातात येतो. त्यावर काही बुजुर्ग चिडले. आम्ही चिडत नाही. त्याचं खरं आहे. जंगल आईसारखं आहे असं भाषणात म्हणायला बरं वाटतं, पण आईच्या घरी जेवायला नसलं तर लेकरू दुसऱ्याच्या दारी जातंच.

तुम्ही जा. नवं काम शिका, गाडी चालवायला शिका, लिहायला शिका. पैनगंगेपलीकडचा कोमराम भीम आपल्या आज्यांना ठाऊक होता. जमिनीच्या झगड्यात त्याच्या हातून माणूस मेला आणि तो पळाला. चांद्याकडं आला, तिथून पार आसामात चहाच्या मळ्यावर मजुरीला गेला. काही वर्षं तिकडं राहिला. तिथंच लिहायला-वाचायला शिकला असं सांगतात. मग परत आला आणि जोडेघाटच्या आसपासच्या बारा गावांची जमीन-जंगल मागत निजामासमोर उभा राहिला. १९४० मध्ये त्याला मारलं. गाव सोडून गेला म्हणून कोणी त्याला परका म्हणत नाही.

पण आसामात असताना त्याच्या गावचं गाव इथं होतं. तुमच्या मागं ते राहील का, हे बघायचं आहे. सगळेच गेले तर त्या धुऱ्यावर वनविकास महामंडळाची सागाची रोपं लागतील, आणि एकदा साग लागला की मग तिथं कधी वखर चालला होता हे सांगायला कोणी उरणार नाही. महामंडळ १९७४ ला निघालं. आपल्या डोळ्यांसमोर किती मोहाची, चारोळीची झाडं गेली ते तुम्ही पाहिलं आहे.

इथं आम्हाला आमची एक चूक कबूल करायची आहे. चार वर्षांपूर्वी याच मैदानात आम्ही सभा घेतली होती. जंगलाच्या जमिनीवर नांगर घातला म्हणून ज्यांना ज्यांना दंड झाला होता, त्यांना आम्ही सांगितलं, दंडाच्या पावत्या काढा, हा अन्याय आहे, जाळून टाका. होळीसारखी जाळली. टाळ्या पडल्या. आम्हालाही फार बरं वाटलं. आज कळतं की ती पावतीच पुरावा होती. तिच्यावर तारीख असते, कंपार्टमेंटचा नंबर असतो, माणसाचं नाव असतं, "नांगरट केली" असं खुद्द जंगल खात्यानं लिहिलेलं असतं. बहात्तर-त्र्याहत्तर साली हा माणूस तिथं कसत होता, याला यापेक्षा मोठा साक्षीदार कोण? आम्ही तुमचा साक्षीदार जाळला. ज्यांच्या पावत्या त्या दिवशी गेल्या त्यांची यादी आम्ही करतो आहोत, आणि खात्याच्या दप्तरातून नकला मागण्याचा अर्ज आम्ही स्वतः करणार आहोत. मिळतील की नाही, आज शब्द देत नाही.

ज्यांनी आमचं ऐकलं नाही, पावती आढ्याला खोचून ठेवली, त्या मायबहिणींचे उपकार. बहुतेक बायाच निघाल्या ठेवणाऱ्या.

तर आता काय करायचं ते बोलू. घरातला कोणताही जुना कागद फेकू नका, कितीही मळका असो. दंडाची पावती, गुन्ह्याचा कागद, कोर्टाची तारीख, ढोरं कोंडवाड्यात नेली त्याची चिठ्ठी, बियाण्याची पावती, लेकराचा शाळेचा दाखला, मतदार यादीतलं नाव. घर गावात होतं हे ज्यातून दिसतं ते सगळं. उंदीर-वाळवीपासून सांभाळायला बरणी नसेल तर बांबूच्या नळकांड्यात घाला.

मजुरीला जायच्या आधी पोडाच्या नाईकासमोर सांगून जा: मी अमुक ठिकाणी जातो, वावर माझंच आहे, माघारी माझी बायको किंवा माझा भाऊ पाहील. हे आम्ही एका वहीत लिहू. वही पोडावर राहील. पंचनाम्याला साहेब आले की ती वही पुढं करायची, आणि काय लिहिलं ते वाचून दाखवल्याशिवाय कोणीही अंगठा द्यायचा नाही. कोणीही म्हणजे कोणीही, पोलीस पाटील म्हणाला तरी. बाई हजर असेल तर तिचा जबाब घ्यायला लावायचा, वहिवाटदार म्हणून, "अमक्याची बायको" म्हणून नव्हे. माघातल्या त्या बाईचा जबाब आता आम्ही लिहून घेतला आहे, तो अर्जाला जोडला आहे.

कोलाम पोडांना एक वेगळी विनंती. पेरणीआधी तुमची गावबांधणी होते. त्या दिवशी पोडाचा माणूस पोडावर असतो, कुठंही असला तरी येतो. तर याच वर्षी त्या दिवशी संध्याकाळी घरं आणि वावरं मोजून यादी करू. देवाचं काम झाल्यावर, आधी नाही. घट्याची परवानगी आम्ही घेतली आहे. गोंड गुड्यांनी आपापला दिवस ठरवून कळवावा.

आणि जाणं कमी व्हावं असं वाटत असेल तर रोजगार हमी मागा. २६ जानेवारीपासून तो कायदा लागू झाला आहे. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं, शक्यतो पंचायत समितीच्या हद्दीतच, नाही तर दिवसाला रुपया बेकारी भत्ता. रुपया काही फार नाही. पण नवं काम उघडायला पन्नास माणसं लागतात, आणि पन्नास माणसं गावात असली तरच ती मागता येतात. एकेकट्यानं अर्ज करू नका, पोडाचा एकत्र करा, पोच घ्या. पोच दिल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.

सात घरांपैकी पाच घरं होळीला परत आली. त्यांचे अर्ज तहसीलला दिले आहेत. दोन घरांचा पत्ता लागलेला नाही. भट्टीवरून ते पुढं बल्लारशाकडं गेले असं कोणी सांगतं. त्यांच्या अर्जावर त्यांचा अंगठा पाहिजे, दुसऱ्याचा चालत नाही. सोमवारी आमच्यातले दोघंजण त्यांना शोधायला निघतात. तिकडं कोणाचा सोयरा असेल, कोणाचं पोरगं त्या बाजूला असेल, तर सभा उठल्यावर पळसाखाली थांबा आणि गावाचं, मुकादमाचं नाव सांगा. मोटारभाड्याला ज्याला जे देता येईल ते द्या. ज्वारी दिली तरी चालेल.