वेगळेपणात समता नसते



अहिंसेचा विचार करताना मनुष्य बहुधा हातून घडणाऱ्या हिंसेचाच विचार करतो. परंतु जैन आचार्यांनी द्रव्यहिंसेबरोबर भावहिंसाही सांगितली आहे. ‘मान’ या कषायाच्या आहारी जाऊन दुसऱ्या जीवाला हीन लेखणे, ही शस्त्राविना घडणारी हिंसाच होय. अमेरिकेतील शाळांमधील वर्णभेद ही अशीच हिंसा होती आणि तिला कायद्याचे संरक्षण होते. ते संरक्षण काढून घेण्यास ५८ वर्षे लागली. त्या लढ्याची ही कथा.

अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. १८६८ च्या घटनादुरुस्तीने सर्वांना कायद्याचे समान संरक्षण मिळाले. तरीही दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांसाठी शाळा वेगळ्या आणि आगगाडीचे डबेही वेगळे होते. १८९२ मध्ये होमर प्लेसी हे गोऱ्यांच्या डब्यात बसले व त्यांना अटक झाली. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की सोयी समान असतील तर वेगळे ठेवण्यात अन्याय नाही. एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत नोंदविले. ‘वेगळे, परंतु समान’ हे तत्त्व तेव्हापासून रूढ झाले. त्यातील ‘वेगळे’ कटाक्षाने पाळले गेले. ‘समान’ मात्र कागदावरच राहिले.

हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे प्रमुख चार्ल्स ह्यूस्टन यांनी या तत्त्वाविरुद्ध संयमाने आखणी केली. त्यांनी कृष्णवर्णीय वकिलांची एक पिढीच घडविली. थरगुड मार्शल हे त्यांचेच शिष्य. आरंभी त्यांनी उच्च शिक्षणाचे खटले हाती घेतले, कारण तेथे बहुतेक राज्यांनी वेगळी संस्थाच काढलेली नव्हती. १९५० मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठातील मॅकलॉरिन यांचे प्रकरण निकाली निघाले. या प्रौढ विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला होता. शिक्षक तेच, ग्रंथ तेच. परंतु वर्गात त्यांना बाजूला बसवीत, ग्रंथालयात त्यांचे मेज निराळे असे आणि उपाहारगृहात त्यांची वेळ वेगळी असे. न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरविले. निकालापूर्वी काही आठवडे ह्यूस्टन यांचे निधन झाले होते.

यानंतर लढा लहान मुलांच्या शाळांकडे वळला. दक्षिण कॅरोलायनातील क्लॅरेंडन येथील पालकांनी प्रथम केवळ एक शाळेची बस मागितली होती. पुढे समान शाळांसाठी अर्ज झाला. त्यावर सही करणारे हॅरी ब्रिग्ज यांची पेट्रोल पंपावरील नोकरी गेली. त्यांच्या पत्नीचीही गेली. व्हर्जिनियात १९५१ मध्ये बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने डांबरी कागदाच्या झोपड्यांत भरणाऱ्या वर्गांविरुद्ध सहाध्यायांचा संप घडविला.

कॅन्ससमधील टोपेका येथील लिंडा ब्राऊन या मुलीच्या घराजवळ शाळा होती. पण ती गोऱ्यांची. लिंडाला रेल्वेचे रूळ ओलांडून बस गाठावी लागे. येथील इमारती आणि शिक्षक दोन्हीकडे जवळजवळ सारखेच होते. म्हणून खरा प्रश्न येथेच उघडा पडला : सोयी सारख्या असूनही मुलाला वेगळे ठेवले, तर त्याचे काय हरवते?

उत्तर बाहुल्यांनी दिले. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने मुलांपुढे रंग सोडून सर्व बाबतींत सारख्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेक कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हटली आणि काळी वाईट. मग ‘तुझ्यासारखी कोणती?’ असे विचारता काही मुले रडू लागली.

१७ मे १९५४ रोजी मुख्य न्यायाधीश अर्ल वॉरन यांनी नऊही न्यायाधीशांचा एकमुखी निर्णय वाचला. वेगळ्या शाळा मूलतःच असमान असतात, त्या मुलांच्या मनात हीनत्वाची भावना रुजवितात, असे न्यायालयाने म्हटले.

निर्णयाने मने लगेच बदलली नाहीत. १९५७ मध्ये लिटल रॉक येथे नऊ विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचविण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना सैन्य पाठवावे लागले. बार्बरा जॉन्सच्या प्रिन्स एडवर्ड परगण्याने तर १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या. मार्शल मात्र १९६७ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले.

ही कथा परक्या देशाची म्हणून दूर ठेवता येत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत आणले. जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यासाठी त्यांना स्वतःचे वसतिगृह सोडावे लागले. पुढे साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविले. समाजाने कर्मवीरांचा अभिमान जरूर बाळगावा; पण त्यांना बाहेर काढणारी पंगतही आपलीच होती, हे विसरू नये.

शिक्षणासाठी दान देणे हे पुण्यकर्म खरेच. परंतु त्या दानातून उभ्या राहिलेल्या शाळेत शेवटच्या बाकावरचे मूल स्वतःला कमी समजत असेल, तर ते दान अपुरे राहिले. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक विश्वस्ताने आणि प्रत्येक दात्याने एकदा त्या बाकापाशी जाऊन बसावे. अहिंसेची परीक्षा तेथेच आहे.

जय जिनेंद्र!