कसोटीची गाडी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, बंगाल आणि महाराष्ट्र यांच्या ऋणानुबंधावरही बोलून झाले. आज आमच्या वाट्यास जुनी मोटारसायकल आली आहे. विषय जाहीर होताच काही भगिनींच्या मुखावर उमटलेले स्मित आमच्या नजरेतून सुटले नाही. जिन्याखाली ताडपत्री पांघरून वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या या वस्तूने घरोघरच्या गृहिणींस पुष्कळ छळले आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तरीही मंडळातील आम्ही चार-पाच जण कित्येक रविवार याच कामी लावीत आलो आहोत, आणि त्या कामात जो एक पेच उभा राहिला तो आपणांसमोर ठेवावा असे वाटते.

मोटारसायकलची स्पर्धा म्हटली की वेग डोळ्यांसमोर येतो. ‘ट्रायल’ म्हणून जी कसोटीची स्पर्धा असते तिची तऱ्हा नेमकी उलटी. ओढ्यातले शेवाळलेले धोंडे, चिखलाचा चढ, झाडांच्या मुळ्यांतून गेलेली पायवाट असे टप्पे आखून दिलेले असतात, आणि पाय जमिनीस न टेकविता ते ओलांडावयाचे असतात. पाय एकदा टेकला की एक दोषगुण, गाडी पडली की पाच. ज्याचे दोषगुण कमी तो जिंकला. स्कॉटलंडमध्ये सहा दिवस चालणारी अशी स्पर्धा विसाव्या शतकाच्या आरंभापासून भरत आली आहे. साहजिकच हिच्यासाठी गाडीही निराळी लागते. पोट जमिनीपासून उंच, पेट्रोलची टाकी लहान, सायलेन्सर पाण्याला लागू नये म्हणून वर उचललेला, आणि गिअर असे की माणसाच्या चालीने गेली तरी इंजिन गुदमरू नये.

आता गंमत अशी की, आपल्या रस्त्यांवरून ऐटीत धडधडत जाणारी बुलेट मूळची याच कुळातली आहे. रॉयल एन्फील्ड कंपनीने मागील चाकास झुलता दांडा व स्प्रिंग बसविलेला तिचा नमुना १९४८ साली प्रथम लोकांसमोर आणला तो इंग्लंडातील कोलमोर कप या ट्रायल स्पर्धेतच. ताठ सांगाड्याच्या गाड्यांवर वाढलेल्या मुरब्बी स्वारांस हा झुलता दांडा तेव्हा नखऱ्याचा वाटला असल्यास नवल नाही. पण त्याच वर्षी इटलीतील आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या स्पर्धेत जिंकलेल्या ब्रिटिश संघात दोन बुलेट होत्या आणि दोन्ही स्वारांनी सुवर्णपदके मिळविली. पुढे जॉनी ब्रिटन या स्वाराने १९५२ आणि १९५७ साली स्कॉटलंडची स्पर्धा बुलेटवर जिंकली. त्याच्या गाडीचा एचएनपी ३३१ हा क्रमांक तिकडील शौकिनांस आजही तोंडपाठ आहे.

आपल्या सैन्याने सीमेवरील गस्तीसाठी याच गाडीची निवड केली आणि १९५५ साली मद्रासला कारखान्याचा पाया घातला गेला. रेडिच येथील मूळ कारखाना १९६७ साली बंद झाला, १९७० साली इंग्लंडमधील उत्पादनच थांबले. इकडे मात्र जवळजवळ तीच गाडी, तेच ३४६ घनसेंटिमीटरचे बिडाचे इंजिन, २०१० च्या सुमारापर्यंत बनत राहिले. १९७७ पासून ती उलट इंग्लंडला जाऊ लागली. परिणामी आज तिकडचा एखादा हौशी गृहस्थ जुनी ट्रायल गाडी उभी करू लागला, तर सुटे भाग तो भारतातून मागवितो. कंपनीने २०१९ साली ‘बुलेट ट्रायल्स’ या नावाची गाडी काढली आणि वर्षभरातच ती बाजारातून गेली. आमच्या मते तो नुसता वेष होता; वजन उतरविल्यावाचून वर उचललेल्या सायलेन्सरला फारसा अर्थ नाही.

आता कलकत्त्याकडे येऊ. पार्क स्ट्रीट जेथे आचार्य जगदीशचंद्र बोस मार्गास मिळते तेथील मल्लिक बाजार आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. गाडीचा जो भाग कोठे मिळत नाही तो तेथे मिळतो अशी ख्याती आहे, आणि ती बरीचशी खरी आहे. दर वर्षी ‘स्टेट्समन’च्या जुन्या मोटारींची फेरी निघते, ती १९६८ पासून, तिच्यात चकाकणाऱ्या कित्येक गाड्यांची दुखणी या बाजाराच्या गल्ल्यांतूनच दूर झालेली असतात. दुचाकीचे म्हणाल, तर ट्रामचे रूळ, जुलैतले गुडघाभर पाणी आणि त्यातून मुंगीच्या पावलाने सरकणारी रहदारी, हे सारे पाहता या शहरात बुलेट चालविणारा प्रत्येक जण बिनपदकाची ट्रायलच खेळत असतो.

आमच्याकडे आलेली गाडी १९६० च्या दशकातली. तिचे मालक आपल्या मंडळाचे जुने सभासद. आता ते हयात नाहीत. नोकरीनिमित्त आसनसोल–राणीगंजच्या कोळसापट्ट्यात त्यांची वीस-बावीस वर्षे गेली. त्या वाटांसाठी त्यांनी गाडीत स्वतःच फेरफार केले होते. सायलेन्सरची नळी तापवून, वाकवून वर घेतली होती, मडगार्ड कापले होते, इंजिनाच्या पोटाखाली लोखंडी पत्रा ठोकला होता, मागचे दातेरी चक्र मोठे बसविले होते. स्कॉटलंडची स्पर्धा त्यांनी ऐकली होती की नाही देव जाणे. पण गरजेने त्यांस नेमके तेच करावयास लावले जे तेथील कारागिरांनी केले.

पेच येथेच पडला. थोरल्या चिरंजीवांचे म्हणणे, गाडी कारखान्यातून निघाली तशी करावी, नवा क्रोम चढवावा, म्हणजे प्रदर्शनात शोभेल. धाकट्यांचे मत, भंगारवाला देईल ते घ्यावे आणि जागा मोकळी करावी. दोघांचे बोलणे ऐकून त्यांच्या मातोश्री एवढेच म्हणाल्या, “ह्यांनी वाकवलेली नळी काढून टाकलीत, तर मग ती गाडी कुणाची राहिली?”

आम्ही त्यांचा पक्ष घेतला. घेताना भावनेपुरता विचार केला नाही. झिजलेले भाग बदललेच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही: पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा, गळके गॅस्केट. मागाहून कोण्या घाईच्या मिस्त्रीने आटे गेलेल्या जागी ठोकून बसविलेले भलतेच बोल्ट काढावयाचेच. परंतु मालकाने विचारपूर्वक केलेला फेरफार हा त्या गाडीचा इतिहास असतो. नळी सडली होती. आम्ही आतून पत्र्याची जोड देऊन ती राखली. मडगार्डाच्या कापलेल्या कडा तशाच ठेवल्या, फक्त गंज थांबविला. जुन्या रंगावर कानसही फिरविली नाही. थोरले चिरंजीव काही दिवस आमच्याशी बोलत नव्हते.

मल्लिक बाजारातील ज्या वृद्ध मिस्त्रींनी हे इंजिन उघडले त्यांच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. या इंजिनाचे टॅपेट थंड असताना मुळीच फट न ठेवता लावावयाचे असतात. आतील उभी सळई दोन बोटांत सहज फिरावी, पण वरखाली हलू नये. पुस्तकात हे एका ओळीत असते. ते म्हाताऱ्या बोटांनी सळई फिरवून डोळे मिटून सांगत, “आर एकटु”, म्हणजे अजून किंचित. हे ‘किंचित’ शिकावयास आम्हांस चार रविवार लागले. त्यांचा मुलगा या धंद्यात नाही. म्हणून आम्ही वही घातली आहे. शब्द त्यांचे बंगाली, लिपी आपली देवनागरी. तीत व्हाल्वपर्यंत तेल चढते की नाही हे वरच्या नळीचा बोल्ट जरासा सैल करून कसे पाहावे, किक मारण्यापूर्वी डिकॉम्प्रेसर ओढून ॲमीटरचा काटा मध्यावर कसा आणावा, असे पुष्कळ काही उतरले आहे. गाडीपेक्षा ही वही हरविण्याची आम्हांस अधिक धास्ती वाटते.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषून घेते, आणि आपल्या शहरी ओलाव्यास काय तोटा! जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, टाकी आतून गंजते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा आणि नळ्या नव्या जातीच्या घालाव्यात. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. तेथील धूळ फुंकर मारून वा हवेच्या झोताने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. आणि गाडी चालवावी. उभ्या गाडीत जे बिघडते ते चालत्या गाडीत बिघडत नाही. मानेभंज्यांगहून संदकफूला जाणाऱ्या जुन्या लँड रोव्हर आपल्यापैकी कित्येकांनी पाहिल्या आहेत. त्या इतकी दशके टिकल्या त्या रोज डोंगर चढत होत्या म्हणून. आता त्यांची जागा बव्हंशी नव्या गाड्यांनी घेतली आहे.

कायद्याने मात्र या बाबतीत अंमळ कोंडी केली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, सांगाड्यात वा इंजिनात मोठा बदल नसावा. आणि अशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच. जिची ख्याती चालण्यासाठी, तिला मखरात बसविण्याचा हा प्रकार आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. आमच्या गाडीचा सांगाडा व इंजिन अबाधित आहे. वाकविलेल्या नळीबद्दल तपासणी अधिकारी काय म्हणतात ते येत्या महिन्यात कळेल. ती काढण्यास सांगितले, तर व्हिंटेजची नोंद नको, साध्या नोंदणीचेच नूतनीकरण करून घेऊ, असे मातोश्रींनी आत्ताच कळविले आहे. थोरल्या चिरंजीवांनीही त्यास होकार दिला आहे.

गाडी आज सभागृहामागील अंगणात आहे. भाषणानंतर ती सुरू करून दाखवू. मंडळींनी कृपया चहा आधी घ्यावा, कारण थंड इंजिन पहिल्या किकेस दाद देईलच असे नाही. आणि आपल्यापैकी कोणाकडे जुन्या बुलेटचे मूळ माहितीपुस्तक असल्यास त्यांनी आम्हांस आठवडाभर उसने द्यावे, वहीशी ताडून पाहावयाचे आहे.