मूत्रपिंडाचें औषध आणि विम्याची पूर्वमंजुरी

घरांत मोठें आजारपण आलें म्हणजे पूर्वीं दोन गोष्टींची चिंता असे: वैद्य कोणता आणि पैसा कोठून. आतां त्यांत तिसरीची भर पडली आहे. ती म्हणजे परवानगी. डॉक्टरांनीं औषध सुचविलें आहे, तें बाजारांत मिळतें, विम्याचे हप्तेही वर्षानुवर्षें नियमानें भरलेले आहेत. तथापि दूरच्या कचेरींतून मंजुरी येईपर्यंत रोग्याच्या हाताला सुई लागत नाहीं. छत्रपति संभाजीनगराच्या रुग्णालयांत मराठवाड्याच्या गांवोगांवांहून रोगी येतात. तेथील विम्याच्या खिडकीपुढें ताटकळलेल्या आप्तांना हा अनुभव नवा नाहीं.

एक उदाहरण डोळ्यांपुढें आणावें. सिडकोंत राहणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या पत्नीच्या पायांवर सूज येऊं लागते, सकाळीं डोळ्यांभोंवतीं फुगवटा दिसतो, लघवीला फेंस येतो. प्रथम मीठ कमी करून आणि पाय उशीवर ठेवून कांहीं दिवस काढले जातात. अखेरीस तपासणी होते, आणि मूत्रावाटे शरीरांतील प्रथिनें वाहून जात आहेत असें आढळतें. मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा काढून पाहिल्यावर मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी हें निदान ठरतें.

या नांवाला भिण्याचें कारण नाहीं. त्याचा अर्थ मात्र समजून घ्यावा. ज्या शहराला मलिक अंबरानें जमिनीखालच्या नहरींतून पाणी खेळविलें, त्या शहराच्या रहिवाशांना वाहत्या पाण्याच्या व्यवस्थेचें महत्त्व निराळें सांगावयास नको. प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें दहा लक्ष बारीक गाळण्या असतात. त्या रक्तांतील मळ बाहेर टाकतात आणि प्रथिनें आंत राखतात. या विकारांत शरीराची संरक्षक शक्तिच भ्रमानें आपल्या गाळण्यांवर चाल करून जाते. गाळणीचा पडदा जाड होतो आणि राखावयाचें तेंच वाहून जातें. सुमारें एकतृतीयांश रोग्यांचा विकार आपोआप शमतो. परंतु कित्येकांचा वाढत जाऊन मूत्रपिंडें निकामी होतात. मग आठवड्यांतून दोन-तीन वेळां, प्रत्येक खेपेस सुमारें चार तास, डायलिसिसच्या यंत्राशीं बांधून घ्यावें लागतें.

हें संकट टाळण्यासाठीं आतां रिटुक्सिमॅब नांवाचें इंजेक्शन वापरतात. त्याचा इतिहास ध्यानांत घेतला म्हणजे विमा कंपनीच्या शंकेचें मूळ कळतें. १९९७ सालीं अमेरिकेंत या औषधाला परवानगी मिळाली ती लसिकापेशींच्या कर्करोगासाठीं. २००७ सालीं हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीनें त्याची भारतीय आवृत्ति बाजारांत आणली. मूत्रपिंडाच्या या विकारावर त्याचा उपयोग सिद्ध झाला तो पुढें. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या मेंटॉर या चांचणींत १३० रोगी होते. दोन वर्षांच्या अखेरीस रिटुक्सिमॅब घेतलेल्यांपैकीं शेंकडा ६० जणांचा विकार आटोक्यांत राहिला, तर सायक्लोस्पोरिन हें जुनें औषध घेतलेल्यांपैकीं शेंकडा २० जणांचाच. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांतही या औषधाला स्थान मिळालें.

आतां त्या शिक्षकांच्या घरीं परत जाऊं. डॉक्टर पंधरा दिवसांच्या अंतरानें दोन मात्रा सुचवितात. रुग्णालयाचा कर्मचारी पूर्वमंजुरीचा अर्ज भरून विमा कंपनीकडे, किंवा तिच्या वतीनें काम पाहणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडे, पाठवितो. अशा अर्जावर बहुधा तीन प्रश्न उलट येतात. मूत्रपिंडाच्या रोग्याला कर्करोगाचें औषध कशासाठीं? नुसत्या इंजेक्शनाला रुग्णालयांत दाखल होण्याची गरज काय? आणि हा रोग पॉलिसी घेण्यापूर्वींचा तर नाहीं? हे प्रश्न वाचून घरच्यांना संताप येतो, आणि तो स्वाभाविक आहे. परंतु प्रश्न विचारणें म्हणजे नकार देणें नव्हे. त्यांचीं उत्तरें आधींच अर्जांत असलीं, तर पुष्कळसा कालापव्यय टळतो.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर डॉक्टरांच्या पत्रानें द्यावयाचें असतें. ‘इंजेक्शन देणें जरूर आहे’ एवढ्या एका ओळीनें काम भागत नाहीं. निदान काय, तुकड्याच्या तपासणीचा अहवाल काय सांगतो, चोवीस तासांच्या मूत्रांत प्रथिनें किती, रक्तांतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन किती, पूर्वीं कोणतीं औषधें दिलीं व त्यांचा परिणाम काय झाला, आणि हें औषध कोणत्या मार्गदर्शक सूत्राच्या आधारें दिलें जात आहे, हें सर्व त्या पत्रांत असावें. अर्ज वाचणारा अधिकारी रोग्याला पाहत नाहीं. तो कागद पाहतो. पायांवरची सूज त्याला दिसावयाची, तर ती कागदांतूनच दिसली पाहिजे.

दुसऱ्या प्रश्नाचें मूळ विम्याच्या रचनेंतच आहे. आपल्याकडील आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयाच्या खाटेभोंवतीं उभारलेला आहे. रोगी दाखल झाला, अथवा चोवीस तासांहून कमी वेळांत आटोपणाऱ्या पण रुग्णालयांतच करावयाच्या उपचारासाठीं आला, तरच सामान्यतः खर्च मिळतो. रिटुक्सिमॅब सलाइनांतून कित्येक तास हळूहळू द्यावें लागतें. थंडी भरणें, रक्तदाब उतरणें असे प्रकार होऊं शकतात, म्हणून देखरेख आवश्यक असते. पत्रांत हें स्पष्ट लिहावें. शिवाय विमा नियामक प्राधिकरणानें २०१९ सालीं ज्या १२ आधुनिक उपचारांना पॉलिसींतून वगळतां येणार नाहीं असें ठरविलें, त्यांत मोनोक्लोनल अँटिबॉडीचें इंजेक्शन आहे. आणि रिटुक्सिमॅब हें त्याच जातीचें औषध होय. मात्र अशा उपचारासाठीं कंपनीला खर्चाची मर्यादा घालतां येते. ती किती आहे, हें आपल्या पॉलिसींत आधींच पाहून ठेवावें.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक. पॉलिसीपूर्वींच्या रोगासाठीं प्रतीक्षेचा काळ असतो. २०२४ पासून तो ३६ महिन्यांहून अधिक ठेवतां येत नाहीं. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या सबबीवर दावा नाकारतां येत नाहीं. अर्थात् आरंभीं खरी माहिती देणें हाच उत्तम मार्ग. पण खरें सांगणाऱ्याचाही घात लेखनदोषानें होऊं शकतो. घाईघाईंत लिहिलेल्या टिपणांत ‘सूज पांच महिने’ याच्या जागीं ‘पांच वर्षें’ एवढें पडलें, तरी सारा दावा डळमळतो. म्हणून केसपेपराची प्रत घेऊन घरांतील जाणत्या माणसानें ती ओळ न् ओळ वाचावी, आणि चूक आढळल्यास डॉक्टरांकडून त्याच दिवशीं सहीनिशी दुरुस्त करून घ्यावी.

वेळेविषयींही आतां नियम आहे. २९ मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणें, ज्याला कॅशलेस म्हणतात त्या सोयीचा अर्ज पोंचल्यापासून एका तासांत कंपनीनें निर्णय द्यावयाचा, आणि घरीं सोडण्याच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावयाची. पण अपुऱ्या अर्जावर तासाभरांत येतो तो बहुधा प्रश्नच. म्हणून ठरलेल्या उपचाराचा अर्ज दोन-तीन दिवस आधीं पाठविणें शहाणपणाचें.

इतकें करूनही नकार आला तर? येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. कॅशलेस सोय नाकारणें म्हणजे दावा नाकारणें नव्हे. उपचार तातडीचा असेल आणि पैशाची सोय होत असेल, तर तो करून घ्यावा, प्रत्येक पावती व अहवाल जपावा आणि नंतर भरपाईचा दावा करावा. पुढें तो दावाही फेटाळावयाचा झाल्यास, कंपनीच्या पुनर्विचार समितीच्या संमतीवांचून तसें करतां येत नाहीं, आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमान्वयें फेटाळला तें कळवावें लागतें. तें कारण लेखी मिळाल्यावर कंपनीच्या तक्रारनिवारण अधिकाऱ्याकडे जावें. एका महिन्यांत उत्तर न आलें किंवा समाधान न झालें, तर विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आंत दाद मागतां येते. संभाजीनगरच्या रहिवाशांसाठीं तें कार्यालय पुण्यास आहे. तेथें शुल्क नाहीं आणि वकील लावावा लागत नाहीं.

ज्यांच्यापाशीं खासगी विमा नाहीं, त्यांचाही मार्ग बंद नाहीं. २०१२ सालीं सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालणारी जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून कुटुंबामागें वर्षाला ५ लक्ष रुपयांपर्यंत संरक्षण देते. तिच्यांतही पूर्वमंजुरी लागते. ती रुग्णालयानें मागावयाची असते आणि खिडकीवरील आरोग्यमित्रानें रोग्याला साह्य करावयाचें असतें. रेशनकार्ड व ओळखपत्र जवळ ठेवावें. चौकशीसाठीं १५५३८८ हा क्रमांक आहे. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांतील, राज्य कामगार विमा योजनेंत नांव असलेल्या कामगारांना तर दवाखान्यांतून नित्याचीं औषधेंही मिळण्याचा हक्क आहे.

हा शेवटचा मुद्दा सर्वांनींच विचारांत घ्यावा असा आहे. मूत्रपिंडाच्या विकारांत खरी लढाई खाटेवर होत नाहीं. ती घरांतल्या गोळ्यांच्या डब्यांत होते. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी, प्रत्यारोपण झालें असल्यास टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट हीं औषधें रोज, जन्मभर घ्यावीं लागतात. मात्रा वारंवार चुकली, तर दुसऱ्यानें दिलेलें मूत्रपिंड शरीर परकें म्हणून झिडकारूं शकतें. आणि नेमका याच गोळ्यांचा खर्च बहुतेक पॉलिसींच्या बाहेर राहतो. रुग्णालयांतून सुटल्यावर पुष्कळ पॉलिसींत ६० दिवसांपर्यंतचीं औषधें मिळतात, मग ती दारें मिटतात. मूत्रपिंड निकामी झाल्यावरच्या डायलिसिसला पैसा द्यावयाचा, आणि तें निकामी होऊं नये म्हणून घ्यावयाच्या गोळीला द्यावयाचा नाहीं, हा हिशेब कोणत्याही गृहिणीला पटणार नाहीं. तो बदलेपर्यंत पॉलिसी घेतांना बाह्यरुग्ण खर्चाची सोय आहे का तें विचारावें, आणि डॉक्टरांच्या संमतीनें जनऔषधी केंद्रांतील स्वस्त पर्याय पाहावे.

सिडकोंतील त्या घरीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुसऱ्या मात्रेच्या तारखेभोंवतीं एक वर्तुळ काढलेलें असेल. शिक्षकांनीं आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या. आतां पत्नीच्या कागदांची फाइल त्याच दक्षतेनें लावण्याची पाळी त्यांच्यावर आली आहे. कागदानें रोग बरा होत नाहीं, हें खरें. पण एका उणीव राहिलेल्या कागदानें औषध अडतें, हेंही तितकेंच खरें आहे. ती अडचण आपल्या बाजूनें तरी राहूं देऊं नये.